आपलं टोकन आपण लावायचं

आमच्या रिटायर्ड मंडळींच्या मासेमारी स्पर्धेत प्लायवुडची एक फळी असते. तिच्यावर हुकांच्या तीन रांगा आहेत आणि प्रत्येक हुकाखाली लाल रंगात नंबर. नदीकडे उतरताना प्रत्येकाने आपल्या नंबरचं पितळी टोकन काढून खिशात टाकायचं आणि वर आलं की पुन्हा त्याच हुकाला लावायचं. या फळीवरचे दोन हूक कायम रिकामे असतात, एक नंबरचा आणि नऊ नंबरचा. नवीन माणूस विचारतो, ये दोनों गुम हो गए क्या? मी हो म्हणून मोकळा होतो. फळी टांगायचं काम आता माझ्याकडे आहे.

फळी सगदेवसाहेबांची. मुकुंद सगदेव. आमची जबलपूरची फॅक्टरी दारूगोळ्याची आणि आमचा विभाग भरणीचा, म्हणजे रिकाम्या कवचात दारू भरायची. सगदेव तिथे आमचे चार्जमन, म्हणजे देखरेखीचे साहेब होते. मध्यम उंची, अंगाने काटकुळे, चष्म्याला मागून काळी दोरी. फॅक्टरीत त्यांना कोणी सगदेव म्हणत नसे. पाठीमागे सगळे डरदेव म्हणायचे, आणि हे नाव ठेवण्यात माझाही हात होता.

एवढा घाबरट माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. भरणीच्या शेडच्या दाराशी पितळेची एक पट्टी असायची. अंगात साठलेली वीज निघून जावी म्हणून तिला हात लावून आत जायचा नियम होता. सगदेवांच्या हाताला ती सवय इतकी जडली होती, की ते कोणाच्याही घरी गेले तरी आधी दाराची कडी धरायचे, क्षणभर थांबायचे आणि मग आत यायचे. आमच्या सौभाग्यवतींना बरेच दिवस वाटत होतं, की हे गृहस्थ उंबऱ्याला नमस्कार करतात. किती सात्त्विक माणूस, असं त्या म्हणायच्या. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

त्यांच्या घरात काडेपेटी नव्हती. वहिनी लायटरने गॅस पेटवायच्या, तेवढा वेळ साहेब अंगणात जाऊन उभे राहायचे. दिवाळीचे चार दिवस ते सिहोऱ्याला मेव्हण्याच्या शेतावर काढत, कारण तिथे फटाके लांबून ऐकू येतात. सिनेमाला गेले तर आधी बाहेर पडायचे दरवाजे मोजत आणि मगच खुर्ची शोधत. आणि ते कधीही पळत नसत. बस सुटली तरी पळत नसत. "पळणारा माणूस बघत नाही, आणि जो बघत नाही तो मरते," असं ते शांतपणे सांगायचे. मी एकदा म्हटलं, साहेब, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. ते म्हणाले, "होय. पण ब्रह्मराक्षस आपल्या मागे हाय हे भित्यालाच माहीत असते ना बाबू."

टोकनाची पद्धत भरणीचीच. आत जाताना टोकन खिशात, बाहेर आल्यावर फळीवर. काही झालंच तर बाहेरच्या माणसाने फक्त फळी बघायची. हूक रिकामा असेल तर तो माणूस अजून आत आहे. पुढे हजेरीला अंगठ्याची मशिनं आली आणि टोकनं गेली. आम्हाला सुटल्यासारखं झालं. सगदेवांनी मात्र रिटायर झाल्यावर स्वतःच्या पैशाने पितळेची टोकनं पाडून घेतली आणि फळी बनवली. नऊ नंबर त्यांनी बनवलाच नाही. हूक होता, नंबर लिहिलेला होता, टोकन नव्हतं. आम्ही म्हणायचो, साहेबांना नवग्रहांची भीती वाटते. ते फळी पुसत राहायचे.

मग ही फळी सगळीकडे यायला लागली. भेडाघाटच्या सहलीला आली, तिथे त्यांनी बायकामुलांनासुद्धा टोकनं वाटली. सहलीतल्या एका बाईंना त्याचा फार राग आला. मी काय चप्पल आहे का मंदिराबाहेर नंबर लावून ठेवायला, असं त्या म्हणाल्या. जबलपूरच्या कांचघर भागातून एक वऱ्हाड नागपूरला निघालं होतं, त्या बसमध्येही फळी ड्रायव्हरच्या मागे टांगलेली. रस्त्यात चहाला बस थांबली. पुन्हा निघताना सगळे म्हणाले, आले सगळे, चलो. साहेब म्हणाले, बारा नंबर नाही. ड्रायव्हर वैतागला, मुलाकडचे वैतागले. बारा नंबर म्हणजे नवरदेवाचे सख्खे मामा, ते हॉटेलच्या मागे संडासात होते आणि बाहेरची कडी कोणीतरी लावून टाकली होती. मामांनी पुढे लग्नात सगदेवांच्या ताटात स्वतः जिलेबी वाढली. आम्ही तरीसुद्धा हसतच राहिलो.

स्पर्धा आम्ही मूकबधिर मुलांच्या शाळेसाठी भरवतो. प्रवेशशुल्कातून मुलांना कानाची मशिनं घेऊन देतात. भेडाघाटच्या बऱ्याच खाली, घाट आणि देवळं सोडून, नर्मदेच्या काठावर मोठे सपाट खडक आहेत. तिथे सकाळपासून गळ टाकून बसायचं. मासा मिळाला की तोलायचा, वजन लिहायचं आणि परत पाण्यात सोडायचा. मैया की मछली मैया को. त्यामुळे शाकाहारी मंडळीही येतात. वरच्या धरणातून पाणी सोडलं की इथे नदी वाढते हे सगळ्यांना ठाऊक होतं. साधारण चार वाजता वाढायची, म्हणून स्पर्धा साडेतीनला संपायची.

ज्या वर्षीची गोष्ट सांगतोय, त्या वर्षी सगदेव बहात्तरचे होते. पोहता येत नव्हतं, पाण्याची धास्ती होती, तरी नाव दिलं, कारण शाळेसाठी होतं. एक नंबरचं टोकन त्यांचं. काठावर अर्जुनाचं एक जुनं झाड आहे. साहेबांनी त्याच्या बुंध्याला जाड दोर बांधला, दुसरं टोक कमरेला बांधलं आणि पाण्यापासून दहा पावलं दूर खुर्ची टाकून लांबच लांब काठीने गळ टाकला. तो जेमतेम पाण्यात पडला. आमचा दुबे म्हणाला, "साहब, मछली को ऊपर बुलाना पड़ेगा." सगळे पोट धरून हसले, सगदेव आपले तरंगाकडे बघत बसले.

त्यांनी आणखी दोन उद्योग केले होते. एक म्हणजे रामसेवक नावाच्या नावाड्याला नावेसकट दिवसभर बसवून ठेवलं होतं. आयोजक कुरकुरले, की तो काही करत नाही, नुसता बसलाय. साहेब म्हणाले, त्याने दिवसभर काहीच करू नये अशी माझी इच्छा आहे. दुसरं, पाण्याच्या अगदी कडेला चुन्याने रंगवलेला एक दगड ठेवला होता आणि दर थोड्या वेळाने, कमरेच्या दोरासकट, तो बघून येत होते.

माझा नंबर सतरा आणि दुबेचा अठरा. आम्ही दोघं शेजारी, काठापासून तीसेक पावलांवरच्या खडकावर. मधे एक घळ होती, तिच्यात घोट्याएवढं पाणी. दुबे माझ्याच बॅचचा, बत्तीस वर्षं एका शेडमध्ये काढलेली. त्याच्याकडे वडिलांची वेताची बंसी, म्हणजे गळाची काठी होती, मुठीला तांब्याची तार गुंडाळलेली. ती तो बायकोलाही हात लावू देत नसे. माझ्या नावावर त्या दिवशी चांगल्या वजनाचा एक महाशीर लागला होता आणि दुसरा नंबर नक्की होता.

अडीचच्या सुमाराला साहेबांची शिट्टी वाजली. आम्ही वळून पाहिलं. ते हातवारे करून सगळ्यांना वर बोलावत होते. त्यांचा चुन्याचा दगड पाण्याखाली गेला होता. खरं सांगतो, मला राग आला. अजून तासभर बाकी होता, ऊन छान होतं, नदी होती तशीच दिसत होती. लोक बडबडत सामान आवरायला लागले. घळीतलं पाणी नडगीपर्यंत आलं होतं हे उतरल्यावर कळलं. मधोमध पोचलो आणि दुबे थांबला. आमिषाच्या आट्याच्या गोळ्यांचा डबा आणि वडिलांची बंसी खडकावरच राहिली होती. त्याने खिशातून टोकन काढून माझ्या हातात दिलं. "तू चल. मेरा भी टाँग देना, मैं बस आया."

बत्तीस वर्षांत हे आम्ही हजार वेळा केलं होतं. सुट्टीच्या वेळी एकाने दोघांची टोकनं लावायची, म्हणजे दुसऱ्याला हात धुवायला वेळ मिळतो. त्यात कोणाला काही गैर वाटत नसे. मी वर आलो, सतरावर सतरा लावलं, अठरावर अठरा लावलं आणि तंबूत गेलो.

तंबूत गोंधळ चालू होता. स्पर्धा लवकर थांबवल्याबद्दल लोक आयोजकांशी भांडत होते आणि आयोजक सगदेवांकडे बोट दाखवत होते. मीही भांडलो. चहा आला. सगदेव फळीसमोर उभे होते, कमरेचा दोर अजून तसाच. नऊ आणि त्यांचा स्वतःचा एक सोडला तर सगळे हूक भरलेले. त्यांनी फळी बघितली, मग माणसं मोजली. मग पुन्हा मोजली. कोणी म्हणालं, एखादा झाडामागे गेला असेल. कोणी म्हणालं, साहब, बोर्ड फुल है, अब तो चाय पीजिए.

मी चहाचा घोट घेतला आणि सहज दुबेला शोधलं. तो नव्हता.

त्यानंतरची काही मिनिटं मला कोणी कितीही समजावलं तरी विसरता येणार नाहीत. आधी वाटलं, जीपपाशी असेल. मग वाटलं, आत्ता बोललो तर सगळ्यांसमोर शोभा होईल आणि तो मागून डुलत येईल. साहेबांनी मोठ्याने विचारलं, "किसी ने किसी और का टोकन लगाया है?" तंबू गप्प झाला. मीही गप्प. हातातला कप मी नीट धरून ठेवला होता, जणू तो सांडला नाही म्हणजे काही झालं नाही. बाहेर नदीचा आवाज बदलला होता. मघाशी खळखळ होती, आता नुसता जड, सलग आवाज येत होता. तो ऐकू येत असतानाही मी बोललो नाही.

साहेबांनी पुन्हा विचारलं नाही. ते एकेका माणसासमोर जाऊन तोंडाकडे बघत हळूहळू पुढे सरकायला लागले. त्यांचे स्वतःचे ओठ पांढरे पडले होते. माझ्यासमोर आले आणि थांबले. अगदी हळू, आमच्या मराठीत विचारलं, "अनिल, कोणाचं लावलं?"

"दुबेचं."

ते रागावले नाहीत. त्यांनी माझ्या हातातला कप काढून टेबलावर ठेवला. "चल," म्हणाले. "पळू नको."

आम्ही बाहेर आलो तेव्हा घळ उरलीच नव्हती. खडक आणि काठ यांच्यामध्ये गढूळ पाणी जोरात वाहत होतं. दुबे खडकाच्या सगळ्यात उंच टोकावर उभा, पाणी त्याच्या गुडघ्यांना. एका हाताने बंसी छातीशी धरलेली. तो ओरडत असावा, पण काही ऐकू येत नव्हतं. त्याला पोहता येत नाही हे मला माहीत होतं.

सगदेवांनी कमरेचा दोर सोडून रामसेवकाच्या नावेला बांधला. गाठ तीनदा सुटली. चौथ्यांदा बसली. नाव प्रवाहात शिरली आणि काठावर आम्ही सात-आठ जणांनी दोर धरला. दोराला लागलेला सगदेवांच्या हाताचा कंप मला माझ्या तळव्यात जाणवत होता. त्यांचे दात वाजत होते. पण तोंडातून आवाज निघाला तो शेडमधला, सपाट आणि मोठा. "दुबे, बैठ जा. चट्टान पकड़. बंसी छोड़."

दुबे बसला, पण बंसी सोडेना. एका हाताने खडक धरता येत नव्हता. पाणी त्याच्या छातीला लागलं. नाव एकदा त्याच्या जवळून घसरून खाली गेली आणि आम्ही दोर ओढून ती पुन्हा वर घेतली. मी डोळे मिटले, खोटं कशाला बोलू.

"दुबे," साहेब म्हणाले, "बाप की निशानी तू है. बंसी छोड़ दे."

डोळे उघडले तेव्हा बंसी पाण्यावरून खाली चालली होती आणि दुबेचे दोन्ही हात नावेच्या काठावर होते. रामसेवकाने त्याला शर्टाच्या मानेला धरून आत ओढलं. आम्ही दोर ओढत राहिलो, नाव काठाला लागली तरी ओढत राहिलो.

दुबे वर आला, थंडीने काळानिळा पडलेला. कोणी टॉवेल आणला, कोणी चहा. सगदेवांनी दोन्ही बाजूला सारलं. फळीवरून अठरा नंबर काढला आणि त्याच्या ओल्या हातात ठेवला. "लगाओ. अपने हाथ से." दुबेने लावला. मग साहेब अर्जुनाच्या झाडामागे गेले आणि तिथे त्यांना मोठी उलटी झाली. वहिनींना सांगू नको, एवढंच ते मला म्हणाले.

पुढचा आठवडाभर मी त्यांच्या रागाची वाट पाहत होतो. एखादी शिवी आली असती तर बरं झालं असतं. शेवटी रविवारी सकाळी मीच त्यांच्याकडे गेलो. वहिनी भाजीला गेल्या होत्या. साहेब अंगणात खुर्ची टाकून फळीवरचे नंबर पुन्हा लाल रंगाने गिरवत होते. मी माफी मागायला सुरुवात केली, ती त्यांनी ऐकली की नाही कोण जाणे. मी विचारलं, साहेब, एवढ्या माणसांत तुम्हाला मीच कसा सापडलो?

"मी तोंडं पाहून राहिलो होतो," ते म्हणाले. "ते तोंड माझ्या ओळखीचं हाय. रोज दाढी करताना दिसते."

ब्रश नऊ नंबरवर होता. मग त्यांनी सांगितलं. नोकरीला लागून वर्ष झालं होतं, विशीतले होते. त्यांच्यासोबत रघुवीर नावाचा एक मुलगा होता, त्याचा नंबर नऊ. जेवणाच्या सुट्टीत तो म्हणाला, मेरा भी टाँग देना. यांनी लावलं आणि डबा उघडला. शेडमध्ये आग लागली. बाहेर तेव्हाच्या साहेबांनी फळी पाहिली, ती भरलेली होती, म्हणून आत कोणाला पाठवलं नाही. कोणी दुसऱ्याचं टोकन लावलंय का, असं त्यांनीही विचारलं होतं.

"मग?" मी म्हटलं.

"मी बोललो नाही."

नदीकाठच्या त्या तंबूत मी किती वेळ गप्प होतो ते मला आठवलं. साहेब सांगत होते, की नंतर सगळ्यांनी ठरवलं, रघुवीरच टोकन लावून पुन्हा आत गेला असेल, त्याचीच चूक. त्याचे वडील फॅक्टरीच्या गेटवर यायचे आणि मुलाच्या वतीने माफी मागायचे. सगदेवांनी त्यांनाही सांगितलं नाही. वहिनींनाही नाही. पन्नास वर्षांत मी पहिला. मी विचारलं, मला काहून सांगितलं?

"तू बोलला ना," ते म्हणाले. "उशिरा बोलला, पण बोलला."

मग त्यांनी मला बाजूला बसवून उरलेले नंबर गिरवायला लावले. त्यानंतर मी त्यांना कधी डरदेव म्हटलं नाही, आणि दुसऱ्या कोणी म्हटलं तर मला खपत नसे.

वर्षभराने त्यांनी जबलपूर सोडलं, मुलाकडे नागपूरला गेले, आणि तिथल्याच पहिल्या थंडीत वारले. जबलपूरच्या स्टेशनवर त्यांना सोडायला मी आणि दुबे गेलो होतो. फळी त्यांनी आदल्या दिवशीच माझ्या घरी आणून दिली होती, सगळी टोकनं मोजून. डब्यात चढताना त्यांनी नेहमीप्रमाणे दाराचा लोखंडी दांडा धरला, क्षणभर थांबले आणि आत गेले. खिडकीशी बसले. वहिनींनी तिकिटं मागितली म्हणून त्यांनी कोटाचा खिसा चाचपला आणि त्यांचा चेहराच उतरला. खिशातून एक नंबर निघाला. ज्या दिवशी दुबे वाचला त्या दिवशी त्यांनी स्वतःचं टोकन फळीला लावलंच नव्हतं, आणि आदल्या दिवशी मोजतानाही एक नंबर त्यांनी स्वतःच्या हातात धरूनच मोजला आणि सवयीने पुन्हा खिशात टाकला असणार.

तेवढ्यात गाडी हलली. त्यांनी टोकन खिडकीच्या गजांतून बाहेर धरलं. मी हात पुढे केला, तो पोचेना, म्हणून मी गाडीबरोबर पळायला लागलो. वय विसरून, माणसांना धक्के देत, डोळे फक्त त्या पितळेच्या तुकड्यावर. दोन बोटांचं अंतर राहिलं होतं. ते माझ्या पायांकडे बघत होते, प्लॅटफॉर्मच्या कडेकडे. त्यांच्या चेहऱ्यावर तीच भीती होती, खरीखुरी, पांढऱ्या ओठांची, आणि या वेळी ती माझ्यासाठी होती.

"अनिल, पळू नको," ते म्हणाले, आणि हात आत घेतला. "राहू दे. मी हाय अजून आत."

मी थांबलो. गाडी निघून जाईपर्यंत मला गजांमागे त्यांची मूठ दिसत होती, मिटलेली.